टापेखालची माती आणि टापेतला खिळा

सज्जनहो, माउलींच्या पालखी सोहळ्यात रिंगणाचा दिवस उजाडला की आपणा वारकऱ्यांच्या अंगात निराळेच वारे संचारते. दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर होतो, जरीपटका घेतलेला स्वाराचा घोडा धावतो, आणि ज्याच्या पाठीवर माणूस नाही, पण प्रत्यक्ष माउली बसली आहे असा आपला भाव, तो माउलींचा अश्व दौड घेतो. दौड संपते न संपते तोच आपण धावतो, वाकतो आणि त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतो. फार गोड भाव आहे हा. त्यात उणे काढण्यासाठी हे लिहीत नाही. पण एक विचारावेसे वाटते. ज्या टापेखालची माती आपण कपाळी लावली, ती टाप उचलून कधी पाहिली का?

हैबतबाबा आरफळकरांनी १९ व्या शतकात या सोहळ्याला शिस्त लावून दिली. त्यातले अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. अंकलीहून आळंदीपर्यंत पायी, आणि आळंदीहून पंढरीपर्यंत आणखी सुमारे २५० किलोमीटर पायी. रस्ता डांबराचा, ऊन-पाऊस डोक्यावर. एवढ्या वाटचालीत त्या मुक्या जिवाला आधार कशाचा? चार खुरांचा, आणि त्या खुरांना ठोकलेल्या चार नालांचा. आपल्या गावातला वरातीचा घोडा असो, टांग्याचा असो, नाही तर डोंगरवाटेने ओझे वाहणारे तट्टू असो, सर्वांची गोष्ट तीच.

आता खूर म्हणजे काय ते नीट ऐका, म्हणजे पुढचे कळेल. खूर हे आपल्या नखासारखेच आहे. बाहेरची जाड भिंत निर्जीव. ती कापली, घासली तरी दुखत नाही. पण आत जिव्हाळी आहे. आपले नख मुळाशी कापले गेले तर जीव कसा कळवळतो, तीच ही जिव्हाळी. भिंत कोठे संपते आणि जिव्हाळीची हद्द कोठे लागते हे दाखवणारी एक फिक्कट रेघ खुराच्या तळाशी असते. नालबंदाने खिळा त्या रेघेच्या बाहेरून घालायचा, तो भिंतीतूनच वर काढायचा आणि टोक मोडून वळवायचे. रेघेच्या बाहेर खिळा म्हणजे संरक्षण. रेघेच्या आत तोच खिळा म्हणजे शूळ. दोहोंमध्ये अंतर किती? जवाभर!

खिळा आत शिरला तर घोडा तेव्हाच पाय हिसकतो, कधी रक्तही दिसते. ते लगेच कळते. पण खिळा जिव्हाळीत न शिरता तिला अगदी चिकटून गेला, तर त्या दिवशी काहीच कळत नाही. घोडा घरी येतो, दाणा-वैरण खातो. एक-दोन दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा, आतला दाब सहन होईनासा होतो आणि तो लंगडू लागतो. हा दुसरा प्रकार फार फसवा. मालक म्हणतो, “परवा तर नवी नाल मारून आणली, पायाला काय झाले असणार? आळशी झाला आहे, दुसरे काय!” आणि हात जातो चाबकाकडे.

अहो, घोडा आळशी नाही, तो बोलतो आहे! त्याला वाचा नाही, पण त्याची मान बोलते. पुढचा पाय दुखत असला तर तो पाय भुईवर टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना मान खाली घालतो. जणू म्हणतो, “धनी, हा पाय बघा, हा.” चाबूक मारला की दुखण्यावर दुःख चढते, एवढेच. आपल्या भाषेत जिव्हाळी आणि जिव्हाळा हे शब्द अगदी शेजारी शेजारी राहतात. ज्याला जिव्हाळा आहे, त्यालाच दुसऱ्याची जिव्हाळी कोठे दुखते ते कळते.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, थांबायचे. काम बंद, जू उतरवायचे, खोगीर उतरवायचे. दुसरी, पाय उचलून पाहायचा. चारही खुरांवर हात ठेवावा. एखादा इतरांपेक्षा गरम लागतो का? खुराच्या वर, मागल्या बाजूस बोट ठेवले तर नाडी ठणठण उडते का? नाल मारल्यानंतर थोड्याच दिवसांत लंगड आली असेल, तर पहिला संशय नालेवर घ्यावा. तिसरी, जाणत्या नालबंदाला किंवा गुरांच्या डॉक्टरला बोलवावे. त्याने नाल हिसका देऊन उपटू नये, एकेक खिळा सावकाश काढावा. ज्या खिळ्याला घोडा दचकतो, जो ओला किंवा काळपट निघतो, तोच अपराधी. नुसता दाब असेल तर खिळा निघाल्यावर थोड्या दिवसांच्या विश्रांतीने बहुधा आराम पडतो. पू झाला असेल तर डॉक्टर त्याला खालून वाट करून देतात. मग पाय कोमट पाण्यात शेकणे, पोटीस बांधणे, जागा कोरडी व स्वच्छ ठेवणे, हे सारे ते सांगतील तसे करावे. आणि एक गोष्ट विसरू नये. घोड्याला धनुर्वात फार लवकर बाधतो, म्हणून त्यावरची लस टोचली आहे की नाही हे विचारून घ्यावे.

कोणी म्हणेल, “महाराज, घोडा थांबला तर आमची चूल थांबते, त्याचे काय?” प्रश्न खरा आहे. पोटासाठी राबणाऱ्याला उपदेश करणे सोपे असते. पण कोंडलेला पू वर वर सरकतो, खुराच्या माथ्यावर केसांच्या कडेला फुटतो, कधी आत हाडापर्यंतही जातो. आज चार दिवस वाचवले तर पुढे चार महिने जातात, कधी घोडाच जातो. यावर महाभारतातील द्रोणपर्वाचा दाखला पाहा. जयद्रथवधाचा दिवस. सूर्यास्ताच्या आत प्रतिज्ञा पुरी करायची, नाही तर अर्जुनाने अग्निप्रवेश करायचा. याहून मोठी घाई कोणाला असणार? तरी घोडे बाणांनी जखमी झालेले, तहानेने व्याकूळ झालेले पाहून भर रणात रथ थांबला. अर्जुनाने जमिनीवर उभे राहून शत्रू रोखून धरले, बाणाने भुईतून पाणी काढले. आणि ज्याला आपण जगन्नाथ म्हणतो, त्या श्रीकृष्णाने घोडे सोडले, त्यांच्या अंगातले बाण उपटले, आपल्या हाताने त्यांना चोळले, पाणी पाजले. मगच रथ पुन्हा जोडला. देवाला जे काम हलके वाटले नाही, ते आपल्याला हलके वाटावे काय?

वाईट नालबंदीचा आणखी एक प्रकार आहे. तयार नाल लहान पडली की कित्येकजण नाल बदलत नाहीत, कानस घेऊन खूरच घासतात आणि नालेत बसवतात! दिसायला काम सुबक दिसते, पण भिंत पातळ होते, खिळ्याला जागा उरत नाही. कोठे टाच फार उतरवली जाते आणि पुढचे टोक लांब राहते, मग सारा ताण पायाच्या मागच्या शिरांवर येतो. नाल खुरासाठी आहे, खूर नालेसाठी नाही. आपल्या नेमाधर्माचेही असेच नाही का? एकादशी, माळ, हरिपाठ ही जिवाच्या रक्षणाची नाल आहे. पण घरातल्या म्हाताऱ्या, आजारी माणसावर, कोवळ्या पोरावर तोच नेम ठोकून बसवला, तर तो जिव्हाळीला लागतो. मग ते माणूस वाटेवर लंगडते आणि आपण म्हणतो, “याला भक्ती नाही.”

आता नालबंदाशी कसे वागावे? त्याने वैराने खिळा घातलेला नसतो. उजेड कमी असतो, घाई असते, घोडा नाचत असतो. म्हणून भांडू नये. पण गप्पही बसू नये. घोडा स्वतः फिर्याद करू शकत नाही. मालक गप्प बसला तर उद्या तोच हात दुसऱ्या घोड्यावर पडेल. काढलेला खिळा त्याच्यापुढे ठेवावा आणि तो कोठे लागला ते दाखवावे. चांगला कारागीर ते पाहून हात सुधारतो. जो पाहायलाच तयार नाही, त्याच्या हाती पुन्हा पाय देऊ नये.

बिघडलेला खूर एका दिवसात नीट होत नाही. तो महिन्याला जेमतेम बोटाच्या नखाएवढाही वाढत नाही. नवी भिंत वरून तळापर्यंत उतरायला पुढच्या पायात नऊ महिने ते वर्ष लागते. दर सहा-आठ आठवड्यांनी नाल उतरवून, खूर साळून, जपत जपत जावे लागते. तोवर धीर हवा. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने जखमी, अशक्त जनावराला कामाला जुंपणे हा गुन्हा ठरवला आहे. पण वारकऱ्याला शिपायाच्या धाकाची गरज कशाला? सर्वांभूती भगवंत आहे, असे ज्याने एकदा म्हटले, त्याला लंगडत्या पायात तोच दुखतो आहे हे दिसले पाहिजे.

तर बंधु-भगिनींनो, टापेखालची माती अवश्य कपाळी लावा. मात्र दौडून आलेल्या घोड्याभोवती गर्दी करू नका, त्याला वाट द्या, श्वास घेऊ द्या. आणि आपल्या गावी एखादा घोडा मान उडवीत चालताना दिसला, तर मालकाजवळ जाऊन गोडीने म्हणा, “दादा, जरा थांबा, याचा पाय बघू या.” एवढे एक वाक्य बोललात, तरी त्या दिवशीची तुमची सेवा पांडुरंगाच्या चरणी पोचली म्हणून समजा.

राम कृष्ण हरि.