शेवट आणि शिक्षा

कोएन बंधूंच्या ‘अ सीरियस मॅन’ (२००९) या चित्रपटाचा शेवट ईश्वरी शिक्षा म्हणून वाचण्याचा मोह सहज होतो. १९६७ च्या अमेरिकेतील ज्यू प्राध्यापक लॅरी गॉपनिक एकामागून एक आपत्ती सोसत राहतो. अखेरीस वकिलाचे बिल पुढ्यात असताना तो एका नापास विद्यार्थ्याची श्रेणी वाढवतो. त्याच्याच संदर्भात लाचेचे पाकीट आलेले असते. तोच फोन वाजतो : क्ष-किरण तपासणीविषयी डॉक्टरांना समक्ष बोलायचे आहे. तिकडे मुलाच्या शाळेच्या दिशेने चक्रीवादळ येते आणि चित्रपट थांबतो.

येथे पाप आणि फळ यांची सांगड घालणारा प्रेक्षक क्रमालाच कारण समजतो. वास्तविक तपासणी चित्रपटाच्या प्रारंभीच झालेली आहे. दुखणे असलेच, तर ते अपराधापूर्वीचे आहे. मुलगा तर त्या क्षणी देणे चुकते करू पाहत असतो.

बायबलमधील ईयोबाशी देव वावटळीतून निदान बोलतो. येथील वादळ मूक आहे. ते मौन शिक्षेच्या सिद्धान्ताने भरून काढणे म्हणजे ईयोबाच्या मित्रांच्या पंक्तीला बसणे होय. दुःख दिसताच दोष शोधणाऱ्या त्या मित्रांवरच ग्रंथाअखेर देवाचा कोप होतो.

लॅरीचा अपराध हा अपराधच आहे. परंतु त्याचे माप त्याच्या आजारावरून ठरत नाही. शेवटाची संदिग्धता जपणे ही म्हणूनच नैतिक शिस्तही ठरते. दुःख हा दोषाचा पुरावा नव्हे, हे भान ती राखते.