कर्ता वाडीत, भोक्ता अंभोऱ्यात

लाव्हा गावच्या टेकड्यांत उगम पावून नागपूरलगतच्या आमच्या वाडीवरून अंबाझरी तलावाकडे जाणाऱ्या प्रवाहाला दफ्तरी नाग नदी असे नाव आहे. वाडीत मात्र त्याला नाला म्हणण्याची रीत पडली आहे, आणि मला वाटते की या एका शब्दबदलातच आम्ही आमच्या पुष्कळशा जबाबदारीचा परस्पर निकाल लावून टाकला आहे. नदीला निदान हात तरी जोडावे लागतात. नाल्याचे कोणी काही देणे लागत नाही.

अशा पाण्याची परीक्षा मी एकदा एका प्रयोगशाळेत जवळून पाहिली. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली बुडबुडा राहू न देता काठोकाठ भरली, तीत मँगनीज सल्फेट आणि अल्कयुक्त आयोडाइड सोडले आणि बूच लावून ती उलटसुलट केली. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असेल तर तपकिरी साका धरतो; त्या बाटलीत पांढराशुभ्र साका हळूहळू तळाशी बसत गेला. स्नानयोग्य पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा असा दंडक आहे. येथे तो नावालाही नव्हता. एवढे तत्काळ कळते. परंतु पाण्यातील सेंद्रिय घाण किती प्राणवायू खाईल हे ठरवायचे तर बाटली २७ अंश तापमानात, अंधारात, तीन दिवस ठेवावी लागते, आणि तो निकाल हाती येईपर्यंत ज्या पाण्याचा तो निकाल, ते पाणी कधीच पुढे गेलेले असते.

ही तीन दिवसांची मुदत वाचवण्यासाठीच मशीन लर्निंगचा अवलंब होऊ लागला आहे. तापमान, सामू, विद्युतवाहकता, गढूळपणा, विरघळलेला प्राणवायू ही माने पाण्यात बसवलेली उपकरणे क्षणोक्षणी टिपतात. मागील वर्षांच्या नोंदींत या मानांशी घाणीचे कोणते प्रमाण जुळून आले होते ते यंत्राला शिकवलेले असते. आणि मग शेकडो निर्णयवृक्षांचा कौल घेऊन ते आजच्याच नव्हे, उद्याच्या पाण्याचीही स्थिती सांगते. १९५८ पासून पर्यावरण-अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था ज्या नागपुरात नांदते, तेथे ही विद्या परकी वाटण्याचे कारण नाही.

न्यायशास्त्राच्या अभ्यासकालाही ती परकी वाटू नये. मेघ पाहून होणाऱ्या पावसाचे अनुमान ते पूर्ववत्, आणि पूर पाहून वरच्या अंगाला होऊन गेलेल्या पावसाचे अनुमान ते शेषवत्, असे सांगताना न्यायभाष्यकार वात्स्यायनाने दुसऱ्या प्रकाराला उदाहरण म्हणून नदीच घेतली आहे. पूर्वपक्षानेही नेमके त्याच उदाहरणावर बोट ठेवले: पुढे पाणी अडवले तरी नदी फुगते, मग तुमच्या अनुमानाचा भरवसा काय? भाष्यकाराचे उत्तर मला फार मोलाचे वाटते. नुसते फुगणे हा हेतूच, म्हणजे अनुमानाची खूणच, नव्हे. प्रवाहाचा वेग, फेस, वाहून आलेली फळे, पाने, लाकडे हे विशेष पाहून मगच अनुमान करावे. असा रोध आमच्या नदीच्या वाटेवरही आहे. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ साली बसली आणि आज त्या जलाशयाचा फुगवटा, नागेचे पाणी अखेर जेथे पोचते त्या अंभोऱ्यापर्यंत येतो. वाहत्या नदीच्या नोंदींवर शिकलेले यंत्र या थबकलेल्या पाण्यावर आणून बसवले, तर पूर्वपक्षाचा तो जुना रोध त्याला जसाच्या तसा आडवा येईल. यंत्र साहचर्य मोजते; हेतू कोणता आणि उपाधी, म्हणजे आगंतुक अट, कोणती हे निवडण्याचे काम माणसाचेच राहते.

तथापि माझ्या मनाला अधिक अस्वस्थ करणारा प्रश्न प्रमाणाचा नाही, कर्माचा आहे. आपल्या दर्शनकारांनी कृतनाश आणि अकृताभ्यागम असे दोन दोष मानले: केलेल्याचे फळ बुडणे आणि न केलेल्याचे फळ पदरी पडणे. विश्वाच्या व्यवस्थेत हे दोष राहू नयेत यासाठी त्यांनी केवढा बुद्धिव्यय केला! नदीकाठी मात्र ते दोन्ही दिवसाढवळ्या घडतात. वाडीतल्या मोरीचे पाणी अंबाझरीत, अंबाझरीतून शहरभरची घाण घेत नागेने कन्हानमध्ये, आणि कन्हानमधून अंभोऱ्याला वैनगंगेत जाते. तेथे चैतन्येश्वराचे देऊळ आहे. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ तेथेच रचला, अशी विदर्भाची श्रद्धा आहे. आणि तेथे उतरलेला यात्रेकरू त्या पाण्याची ओंजळ भरतो. कर्ता वाडीत, भोक्ता अंभोऱ्यात. पुनर्जन्माचा आधार घेऊन हा हिशेब पुढच्या खात्यावर टाकता येईल, पण ज्याच्या लेकराला आज जुलाब होतात त्याला ते उत्तर देण्याचे धैर्य मला होत नाही.

आजवर कर्त्यापाशी एक कैफियत होती: मला ठाऊक नव्हते. माझ्या मोरीचे पाणी कोठे, केव्हा, कोणाच्या ओंजळीत जाईल हे अदृष्ट होते, आणि अदृष्टाचा जाब कोण विचारणार? यंत्राच्या भाकिताने ती कैफियत निकालात निघते. कर्ता आणि भोक्ता यांच्यामधले अंतर प्रथमच तारीखवार दिसू लागते. म्हणून हे यंत्र मला धर्माच्या कामाचे वाटते. पतंजलीने अजून न आलेल्या दुःखालाच टाळण्याजोगे म्हटले आहे. भाकीत खरे ठरले की ते रचणाऱ्याला समाधान होते, आणि ते रास्तही आहे. आम्ही वाडीकरांनी मात्र ते खोटे पाडण्यासाठीच वाचले पाहिजे, प्रत्येक मोरी शुद्धीकरणाकडे वळवून, प्रत्येक दिवशी.

असे भाकीत उद्या या नदीसाठी तयार झाले, तर त्याचा फलक अंभोऱ्याच्या घाटावर भाविकांना भिववण्यासाठी लावू नये. तो येथे, वाडीच्या पुलावर लावावा, रोजची तारीख घालून. आणि त्यावर नाला न लिहिता नाग नदी असे लिहावे.