लस टोंचून घेणें हा अविश्वास आहे काय?

अकोला जिल्ह्यांतील एका मंडळीकडून आम्हांस एक प्रश्न आला आहे. तेथील एक तरुण आखाती देशांत स्वयंपाक्याच्या नोकरीवर जाण्यास निघाला आहे. जाण्यापूर्वीं विषमज्वराची, म्हणजे टायफॉइडची, लस टोंचून घ्यावी असें त्यास सांगण्यांत आलें. घरांतील एका वडील माणसानें मात्र हरकत घेतली. "प्रभु येशू आरोग्यदाता आहे असें आपण दर रविवारीं कबूल करितों, मग सुई टोंचून घेऊन आपण जगास कोणती साक्ष देतों?" असें त्यांचें म्हणणें आहे.

हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोल्यास अलायन्स मिशनचें काम सुरू झालें. त्या मिशनचे संस्थापक ए. बी. सिम्पसन यांच्या शिकवणींत ख्रिस्त हा तारणारा, पवित्र करणारा, आरोग्यदाता आणि पुन्हा येणारा राजा अशीं चार अंगें होतीं. ज्या काळीं खेड्यांत ना डॉक्टर ना दवाखाना, त्या काळीं आमच्या वाडवडिलांनीं त्या तिसऱ्या नांवाचा आधार घट्ट धरिला. तो व्यर्थ होता असें म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. म्हणून आम्ही डॉक्टरांच्या शब्दानें नव्हे, तर शास्त्राच्या आधारेंच या वडिलांशीं बोलूं इच्छितों.

पौलाच्या हातून पुष्कळ रोगी बरे झाले. तरी आपला सोबती त्रफिम यास मिलेत येथें आजारी ठेवून त्यास पुढें जावें लागलें. त्रफिमाच्या ठायीं विश्वास नव्हता असें पौल म्हणत नाहीं. हिज्कीया राजानें अश्रु ढाळून प्रार्थना केली व देवानें ती ऐकिली. तरीहि यशयानें त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावावयास सांगितलें. प्रार्थना आणि लेप यांचें तेथें भांडण झालें नाहीं. उलट, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असें शास्त्राच्याच आधारानें सुचविणारा कोण होता, हें वाचकांस ठाऊक आहेच. प्रभूनें उडी टाकिली नाहीं. पायऱ्या असतां उडी टाकणें हा विश्वास नव्हे. ती देवाची परीक्षा पाहणें होय.

आतां हा रोग काय आहे तें पाहूं. आपल्याकडे ज्यास मुदतीचा ताप म्हणतात, तो बहुधा हाच. त्याचे जंतु रोग्याच्या विष्ठेंतून बाहेर पडतात आणि घाणेरड्या पाण्यावाटे किंवा न धुतलेल्या हातांवाटे दुसऱ्याच्या पोटांत जातात. याची लस इंग्लंडांत आल्मरोथ राइट यांनीं १८९६ च्या सुमारास प्रथम वापरली. त्यांस वाल्डेमार हाफकिन यांच्या पटकीवरील लसीच्या कामापासून बोध मिळाला होता. हे हाफकिन यहूदी गृहस्थ. १८९७ च्या जानेवारींत मुंबईंत प्लेगची लस तयार झाली, तेव्हां त्यांनीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली व मगच दुसऱ्यांस दिली. त्यांच्या नांवाची संस्था मुंबईंत अद्याप आहे.

परंतु आमच्या तरुणाच्या प्रश्नाचें खरें मर्म दुसऱ्याच एका गोष्टींत आहे. अमेरिकेंत मेरी मॅलन नांवाची एक आयरिश स्वयंपाकीण होती. तिच्या हातचें जेवून अनेक घरांत विषमज्वर झाला, परंतु तिला स्वतःला कांहींच होत नव्हतें. १९०७ सालीं तिच्या शरीरांत हे जंतु सांपडले. मी निरोगी आहें, माझ्यापासून कोणास अपाय होणें शक्य नाहीं, असें ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. स्वयंपाकाचें काम करणार नाहीं या अटीवर १९१० सालीं तिला सोडण्यांत आलें. पण पुढें नांव बदलून ती एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरांत राहिली, आणि १९१५ सालीं तेथें पुन्हा हा ताप पसरला. उरलेलें आयुष्य तिला एकांतवासांत कंठावें लागलें. तिची कींव येते, आणि तिचा दोष धरणें सोपें नाहीं. पण तिच्यापासून एक धडा घ्यावा. आपणांस बरें वाटणें आणि आपल्यापासून शेजाऱ्यास अपाय न होणें, या दोन गोष्टी एक नव्हेत.

मोशेच्या नियमशास्त्रांत नव्या घराच्या धाब्यास कठडा बांधण्याची आज्ञा आहे. ती घरधन्याच्या जिवासाठीं नाहीं, तर दुसरा कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येऊं नये म्हणून आहे. लसीकडे आम्ही याच दृष्टीनें पाहतों. परमुलखांत हा तरुण शेंकडों माणसांस जेवूं घालील. तो आपल्या देहास कठडा बांधीत आहे. लसीनें सर्व धोका टळतो असें नाहीं. नेपाळ व मलावी येथील मुलांवर झालेल्या चाचण्यांत नव्या लसीनें हा रोग सुमारें चार पंचमांशानें कमी झाला. म्हणजे एक पंचमांश उरलाच. शिवाय ज्याच्या अंगांत जंतु आधींच दडलेले आहेत, त्याचे जंतु लसीनें नाहींसे होत नाहींत. म्हणून शौचानंतर व स्वयंपाकापूर्वीं साबणानें हात धुण्याचें काम कोणतीहि सुई आपल्याकरितां करणार नाहीं.

येथें आमच्या मनास एक गोष्ट टोंचते. परदेशांतून दोन आठवड्यांकरितां हिंदुस्थानांत येणारा पाहुणा येथील पाण्याच्या भयानें ही लस घेऊन निघतो. येथून बाहेर जाणाराहि ती घेतो. मग तेंच पाणी बारा महिने पिणाऱ्या आमच्या लेंकरांचें काय? अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाण पट्ट्यांत विहिरीचें पाणी खारट. जेथें नळ रोज येत नाहीं तेथें मिळालेलें पाणी घरोघर कित्येक दिवस सांठवावें लागतें. २०१८ सालीं नवी मुंबईच्या महानगरपालिकेनें एक लाखाहून अधिक मुलांस ही लस टोंचली. शहरांत जें झालें तें खेड्यांत होऊं नये असें कोठें लिहिलें आहे? ज्यानें प्रवाशाचें रक्षण होतें, त्याची घरीं राहणाऱ्यासहि गरज आहे.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंति अशी : त्या तरुणानें निघण्याच्या निदान दोन आठवडे आधीं लस घ्यावी. घरच्या वडिलांनीं त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करावी, आणि प्रार्थना झाल्यावर स्वतः त्याच्याबरोबर दवाखान्यांत जावें. मग परत येऊन मंडळीच्या पाण्याचा रांजण, त्यावरील झांकण आणि ओगराळें एकदां पाहावें. इस्राएलांस छावणीबाहेर खड्डा खणून मळ झांकण्याची आज्ञा होती, कारण देव त्यांच्या छावणींत फिरत होता. तो आमच्या वस्तींतहि फिरतो.