निमित्तावाचून

झाडे फुलली आहेत, एवढेच कारण ती पाहावयास जाण्यास पुरेसे आहे काय? प्रश्न वरवर पाहता हास्यास्पद वाटेल. परंतु कर्तव्यदक्ष आणि काटकसरी माणसाच्या मनात तो खोलवर दडलेला असतो. आणि आम्हां मध्यमवर्गीय मराठी माणसांच्या मनात तर तो विशेषच असतो. सुखाचा हिशेब आम्हांस द्यावा लागतो. कोणी मागितला नाही तरी आम्ही तो आपण होऊन देतो.

बंगळूरच्या आग्नेयेस एचएसआर लेआउट नावाची वसाहत आहे. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव पडले. नावात काव्य नाही, आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या तिच्या विभागांतही नाही. पण जानेवारीपासून मार्चपर्यंत केव्हातरी रस्त्याकडेची गुलाबी टॅबेबुयाची झाडे पाने गाळतात, आणि उघड्या फांद्यांवर कर्ण्यासारख्या फुलांचे घोसच्या घोस लटकू लागतात. मग एखाद्या रविवारी सकाळी आगरा तलावापासून निघून, गल्लीमागून गल्ली हिंडत, दुपारच्या जेवणापर्यंत घरी परतावे असा अर्ध्या दिवसाचा फेरफटका सहज घडतो. लोक या बहराला ‘बंगळूरची चेरी’ म्हणतात. वनस्पतिशास्त्रास हे मान्य होणार नाही. चेरी ही गुलाबाच्या कुळातील, तर टॅबेबुया ही जकरंदाच्या आणि आपल्या पाडळीच्या कुळातील. तिचे माहेर मध्य अमेरिकेकडे असून एल साल्वादोर देशाने तिला राष्ट्रीय वृक्षाचा मान दिला आहे. तथापि उपमा दिली जाते ती केवळ रंगावरून नव्हे. फुले पाहण्यासाठीच घराबाहेर पडणे ही गोष्ट जपानी लोकांनी प्रतिष्ठित केली, आणि त्या प्रतिष्ठेचा थोडा आधार आपणांसही हवा असतो.

जपानातील हा रिवाज फार जुना आहे. सम्राट सागा याने इ. स. ८१२ मध्ये क्योतो येथे असा पुष्पोत्सव केल्याची नोंद आहे. १५९८ साली हिदेयोशीने दाइगो येथे केलेला थाट प्रसिद्धच आहे. पुढे अठराव्या शतकात योशिमुने या शोगुनाने एदो शहरात, म्हणजे आजच्या तोकियोत, सामान्य जनांनी येऊन बसावे म्हणून आसुकायामा येथे चेरीची झाडे लावविली. आज तर तेथील सरकारी हवामान खाते नमुन्याच्या झाडावर पाच-सहा फुले उमललेली दिसताच बहर सुरू झाल्याचे जाहीर करते! मग कचेरीतील माणसे उघडपणे झाडांखाली सतरंज्या अंथरून बसतात. तेथे फुले पाहणे हे कारण आहे. त्याखाली दुसरे कारण दडवावे लागत नाही.

आमच्याकडे झाडाखाली बसण्याची चाल नव्हती असे नव्हे. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली पंगत मांडण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. परंतु आवळीभोजनास पुण्याचा आधार असतो, वडाच्या फेऱ्यांस व्रताचा, आणि बागेतल्या फुलास देवाच्या परडीचा. निव्वळ पाहण्यास आधार नसतो. साहित्यात मात्र तो मिळाला. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले, आणि महिन्यामहिन्याचा निसर्ग पाहणे हेच एका मराठी ग्रंथाचे प्रयोजन होऊ शकते हे सिद्ध झाले. व्यवहारात हे अजून उतरलेले नाही. केंद्र सरकारच्या आम्हां कारकुनांस वर्षाकाठी ८ दिवसांची नैमित्तिक रजा मिळते, आणि ती अर्ध्या दिवसाचीही घेता येते. या रजेच्या नावातच ‘निमित्त’ बसलेले आहे! आजारपण, पाहुणे, मुलांची शाळा, बँकेचे काम ही सारी निमित्ते साहेबापुढे निर्धास्तपणे ठेवता येतात. ‘झाडे फुलली आहेत’ असे लिहिण्यास कोणताही नियम आड येत नाही. तरीही ते लिहिणारा सहकारी आम्हांस अजून भेटावयाचा आहे.

या संकोचावर एक उत्तर तयार असते. पाहणे निरुपयोगी नाही, असे म्हणता येते. बंगळूरचाच दाखला घ्यावा. बसवेश्वर चौकापासून हेब्बाळपर्यंत पोलादी उड्डाणपूल बांधण्याचे ठरले, तेव्हा त्यासाठी ८१२ झाडे तोडावी लागतील असा अंदाज होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये हजारो नागरिकांनी रस्त्यावर मानवी साखळी धरली, आणि मार्च २०१७ मध्ये सरकारने ती योजना रद्द केली. ज्या झाडाकडे कधी मान वर करून पाहिले नाही, त्यासाठी कोणी उन्हात उभे राहत नाही. तेव्हा रविवारचा हा रिकामा फेरफटका म्हणजे नागरिकत्वाची पूर्वतयारीच नव्हे काय?

युक्तिवाद खरा आहे, पण तो आम्हांस पुरता समाधान देत नाही. कारण असे म्हणताना आपण पुन्हा एक निमित्तच शोधलेले असते. पुण्याच्या जागी पर्यावरण आले, एवढाच फरक. शिवाय सौंदर्याला कामास जुंपले की ते कोणाच्या हाती पडेल याचा नेम नसतो. ज्या जपानचा आम्ही दाखला दिला, तेथेच हे घडले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, चेरीच्या पाकळीप्रमाणे तरुणांनी हसत गळून पडावे, अशी शिकवण देण्यात आली. १९४५ साली शत्रूच्या जहाजांवर वैमानिकासह आदळण्यासाठी जे स्फोटक विमान वापरले गेले, त्याचे नाव ‘ओका’, म्हणजे चेरीचे फूल, असे होते. ज्या फुलाखाली पिढ्यान्‌पिढ्या नुसते बसावयाचे, त्याला उपदेशक केले गेले. फुलाचा यात काही दोष नव्हता. दोष होता तो, त्याने काहीतरी उपयोगाचे सांगितलेच पाहिजे, या आग्रहाचा.

म्हणून आमच्या मते निर्मळ आनंदास कारणाची गरज नाही. मात्र तो कारणमुक्त असला तरी ऋणमुक्त नसतो. कारण हे आनंद भोगण्याची परवानगी मागणे होय. ऋण हे आनंद भोगल्यावर उरणारे देणे होय. पहिले आपणांस मिंधे करते, दुसरे माणूस करते.

हे देणे कोणाचे? पहिले, लावणाऱ्यांचे. जी. एच. क्रुम्बिगेल हे जर्मनीत जन्मलेले उद्यानतज्ज्ञ मैसूर संस्थानच्या सेवेत आले आणि वर्षभर कोणते ना कोणते झाड फुललेले राहील अशा रीतीने त्यांनी या शहरातील वृक्षांची योजना केली. १९५६ साली ते बंगळूरातच वारले. १९८० नंतरच्या दशकात एस. जी. नेगिनहाळ या वनाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने शहरात सुमारे १५ लाख झाडे लावली गेल्याचे सांगतात. ते २०२१ साली निवर्तले. झाड लावणारा सावली स्वतःसाठी मागत नाही. दुसरे देणे झाडणाऱ्यांचे. आम्ही ज्यास पाकळ्यांचा गालिचा म्हणतो, तो पहाटे खराट्याने गोळा करणाऱ्या बाईच्या दृष्टीने वाढलेला कचरा असतो. येथे त्यांना पौरकार्मिक म्हणतात. बहर जितका दाट, तितका त्यांचा खेप्यांचा आकडा मोठा. एकाचा आनंद दुसऱ्याच्या कंबरेवर उभा आहे हे ठाऊक असूनही वर पाहावे काय? पाहावे, असेच आम्ही म्हणू. कारण आपण न पाहिल्याने तिचा एकही टोपला हलका होत नाही. पण खालीही पाहावे. फांदी हलवून फोटोसाठी फुले पाडू नयेत, खाल्लेल्याची कागदे तेथेच टाकू नयेत, तिच्या वेतनाचा आणि सुट्टीचा प्रश्न निघेल तेव्हा ‘आमचा काय संबंध’ असे म्हणू नये. आणि तिलाही एखाद्या सकाळी खराटा बाजूस ठेवून मान वर करता आली पाहिजे, हे आपल्या आनंदाचे अपुरे राहिलेले अंग समजावे.

ज्या समाजात फुले पाहावयास सवड काही थोड्यांनाच असते, तेथे उणीव फुलांची नसते. ती सवडीच्या वाटपाची असते. बहर आठवडा-दोन आठवडे टिकतो आणि कोणाच्याही दारावरून वळून जात नाही. एवढी समदृष्टी माणसांच्या व्यवस्थेस अद्याप साधलेली नाही.