चित्रांचा संग्रह आणि दहावी आज्ञा

बदलापूर येथील एका वृद्ध उपदेशक बंधूंनी आम्हांस एक प्रश्न केला होता. त्यांचा भाचा उल्हासनगरात नोकरीस असून त्यास पवित्र शास्त्रातील प्रसंगांची शिळाछाप चित्रे जमविण्याचा नाद लागला आहे. पगारातून शिल्लक टाकून त्याने मार्क शगाल नामक चित्रकाराची चार पाने मिळविली. हे ख्रिस्ती मनुष्यास शोभते काय, असे ते विचारीत होते.

शिळाछाप म्हणजे काय, हे प्रथम सांगू. अंबरनाथचे शिवालय आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. शके 982, म्हणजे इ. स. 1060 चा लेख असलेल्या त्या देवळाच्या शिळा छिन्नीने कोरलेल्या आहेत. छापण्याची शिळा कोरीत नाहीत. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढावयाचे व दगड ओला करून त्यावर शाई फिरवावयाची. ओल्या जागी शाई धरत नाही, तेलकट रेघेवर तेवढी बसते. प्रत्येक रंगास निराळी शिळा. ह्याच रीतीने लोणावळ्याजवळील मळवलीच्या रविवर्मा छापखान्याने देवदेवतांची चित्रे घरोघर पोहोचविली, आणि पुष्कळ घरी त्यांपुढे उदबत्ती लागली. आमच्या बंधूंस दुसऱ्या आज्ञेचे भय वाटते ते ह्याच आठवणीमुळे. ते भय खोटे नव्हे. परंतु शगालच्या ईयोबापुढे कोणी उदबत्ती लावील, असे आम्हांस वाटत नाही.

शगाल (1887–1985) हा विटेब्स्क येथे जन्मलेला यहूदी. शास्त्रातील चित्रांच्या तयारीसाठी तो 1931 साली पॅलेस्टाईनला जाऊन आला. 1960 साली पॅरिसच्या ‘व्हर्व्ह’ ह्या नियतकालिकाने त्याच्या शास्त्रावरील चित्रांचा एक अंक काढला. त्यात 24 रंगीत शिळाछाप होते. रानातील हागार, निराश झालेला ईयोब, सरवा वेचणारी रूथ, अशी गांजलेली माणसेही त्याने निवडून काढिली आहेत. तो ख्रिस्ती नव्हता म्हणून त्याची चित्रे आपली नव्हेत, असे म्हणणाऱ्याने रूथचे पुस्तक आपणांस कोणाकडून मिळाले, ह्याचा विचार करावा.

त्या अंकाच्या 6,500 प्रती निघाल्या. पुढे व्यापाऱ्यांनी कित्येक प्रती उसवून पाने सुटी विकली. त्या पानांवर चित्रकाराची सही नाही. जेथे सही असते तेथे किंमत कैक पटींनी चढते, म्हणून खोट्या सह्या घालणारेही निघाले. हागारेची तहान दोहोंकडे तीच. मग अधिक पैका कशाचा? येथे आम्हांस दुसरी आज्ञा नव्हे, दहावी आठवते.

उधळपट्टी म्हणून दोष देण्यास मात्र आम्ही कचरतो. बेथानीस सुगंधी तेलाविषयी हीच तक्रार कोणी केली, ते योहानाच्या बाराव्या अध्यायात लिहिले आहे. तेथेच घर सुवासाने भरून गेले असेही आहे, आणि कुपी फोडली गेली होती, असे मार्क सांगतो. भाच्याची पाने कागदात गुंडाळून लोखंडी कपाटात होती. उजेडाने रंग उडेल म्हणून त्याने ती सख्ख्या मामासही दाखविली नव्हती. आमचा आक्षेप एवढाच आहे, आणि तो लहान नाही. (शब्बाथशाळेत मिळालेली रंगीत कार्डे आम्हीही बालपणी पत्र्याच्या डब्यात लपविली होती, व धाकट्या भावास त्यांस बोट लावू दिले नव्हते, म्हणून हे लिहिताना आमची मान ताठ नाही.)

हे आम्ही त्यांस पत्राने कळविले. भात कापणीनंतर मामांनी रूथचे पान मागून घेतले, आणि बारवी नदीकडील एका वाडीच्या प्रार्थनासभेत नेले. भाचा स्वतः बरोबर गेला, बहुधा पानाच्या काळजीने. कंदिलाजवळ पान धरले तेव्हा एका म्हाताऱ्या बाईने विचारले, “हिला मालकाने शेतात येऊ दिले का? आम्हांला आता बांधावरूनच परत लावतात.” ह्यावर दुसऱ्या बाया बोलू लागल्या: कोणी पूर्वी सूपभर लोंब्या घरी नेत असे, कोणाच्या सासूने त्यावर लेकरे पोसली होती. सभेत बसलेल्या दोघा शेतमालकांपैकी एक उठून बाहेर गेला व दुसरा खाली पाहत बसून राहिला. त्या रात्री चित्राविषयी थोडे आणि सरव्याविषयी पुष्कळ बोलणे झाले, असे बंधू लिहितात. पान परत देताना त्याच्या कडेस तेलाचा एक डाग पडलेला दिसला. भाच्याने तो पाहिला, आणि पुढील शनिवारी ईयोबाचे पान आणू काय, असे विचारले.