दान की ठेव?

एखादी वस्तू आपण दुसऱ्याला दिली, की तिच्यावरचा आपला शब्द संपतो काय? न्यूझीलंडमधील टोंगारिरो राष्ट्रीय उद्यानाची पायवाट चालताना हा प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला आणि परतल्यावरही त्याने माझी पाठ सोडलेली नाही.

उत्तर बेटाच्या मध्यभागी टोंगारिरो, न्गाउरुहोए आणि रुआपेहू हे तीन ज्वालामुखी पर्वत आहेत. त्यांच्याभोवतीचे हे त्या देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान. युनेस्कोने १९९० साली निसर्गासाठी त्याला जागतिक वारशाचे स्थान दिले. १९९३ साली माओरी लोकांच्या या पर्वतांशी असलेल्या आध्यात्मिक नात्यासाठी तोच मान पुन्हा दिला. न्गातोरोइरांगी नावाचा त्यांचा पूर्वज-पुरोहित येथील शिखरावर थंडीने गारठून मरणाच्या दारी पोहोचला. त्याने दूरच्या मायभूमीतील आपल्या बहिणींना हाक मारली. बहिणींनी अग्नी धाडला आणि तोच या पर्वतांतून बाहेर पडला, अशी कथा ते सांगतात. पर्वत हा त्यांच्या लेखी पूर्वज आहे; आणि मस्तक हे शरीराचे सर्वांत पवित्र अंग असल्यामुळे शिखरही पवित्र.

मांगातेपोपोच्या खोऱ्यातून मी सकाळी निघालो. लाव्ह्याचे काळे खडक, त्यांच्या फटींतून झुपक्याझुपक्यांनी वाढलेले पिवळसर गवत, आणि उजव्या हाताला न्गाउरुहोएचा २,२८७ मीटर उंचीचा रेखीव शंकू. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रपटामुळे तो जगभर ओळखीचा झाला आहे. त्यावर चढण्यास कायद्याची आडकाठी नाही. मात्र न्गाती तूफारेतोआ या तेथील जमातीची विनंती आहे, की शिखरांवर पाय ठेवू नये आणि सरोवरांच्या पाण्याला स्पर्श करू नये. ती वाचूनही माझे मन चढणीकडे ओढ घेत होते. उद्यान सर्वांचे आहे. मग एका जमातीच्या शब्दाने मी का थांबावे?

या प्रश्नाचे उत्तर १८८७ सालात आहे. त्या काळी वसाहतीचे भूमी न्यायालय जमातींच्या सामाईक जमिनींवर व्यक्तींचे हक्क ठरवीत होते आणि त्या वाटेने जमिनी विकल्या जात होत्या. आपल्या वाडवडिलांचे पर्वतही असेच तुकड्यातुकड्यांनी परक्यांच्या हाती जातील, ही धास्ती जमातीचे प्रमुख होरोनुकू ते हेउहेउ यांना होती. २३ सप्टेंबर १८८७ रोजी त्यांनी सुमारे ६,५०० एकरांचा शिखरांचा प्रदेश राजसत्तेच्या हाती दिला. सरकारी भाषेत ते दान ठरले. परंतु माओरी भाषेतील ‘तुकू’ या शब्दात देणारा बाजूला होत नाही. देण्याने दोघे परस्परांशी बांधले जातात. २०१३ साली वैतांगी न्यायाधिकरणानेही आपल्या अहवालात मान्य केले, की होरोनुकू यांनी मालकी सोडली नव्हती, तर राजसत्तेला पर्वतांच्या सहपालकत्वासाठी बोलावले होते.

आपल्याकडे एकदा तुळशीपत्र ठेवले, की त्या वस्तूकडे मागे वळून पाहू नये, असे मानतात. ती दानाची रीत झाली. पण आपल्याच भाषेत ‘ठेव’ असाही एक शब्द आहे. ठेव सांभाळणाऱ्याच्या घरात असते. तरी ती ठेवणाऱ्याचा शब्द तिच्यावरून उठत नाही. होरोनुकू यांनी ठेव ठेवली आणि घेणाऱ्याने ती दान म्हणून लिहून घेतली.

कोणी म्हणेल, प्रत्येक समाजाची अशी विनंती ऐकत गेलो, तर पृथ्वीवर पाय ठेवायला जागा उरणार नाही. आक्षेप अगदीच खोटा नाही. पण इथे पर्वत बंद केलेला नाही. सारी वाट, खोरी, विवरे मोकळी आहेत. केवळ मस्तक आणि पाणी तेवढे मागितले आहे. ज्याने अंगण खुले केले, त्याने देवघराच्या उंबरठ्यावर थांबायला सांगितले, तर त्याला अनुदार कसे म्हणावे?

मी शिखरावर गेलो नाही. खरे सांगायचे, तर त्या माघारीत थकव्याचाही वाटा होता, म्हणून तिचे श्रेय मी घेत नाही. माझी खरी परीक्षा पुढे झाली. लाल विवराची चढण संपवून उतरलो, तो पाचूसारखी हिरवी सरोवरे अगदी पायाशी आली. चेहरा घामाने व धुळीने माखलेला, पाणी हाताच्या अंतरावर, आणि पाहणारे कोणी नाही. हात पुढे गेला होता. तो मी मागे घेतला आणि पाठपिशवीतील बाटलीचे कोमट पाणी तोंडावर मारून पुढे चालू लागलो. त्या ठेवीच्या राखणीत एका पाहुण्याचा वाटा एवढाच असावा. परंतु तेवढा तरी त्याने उचलावा.