मुठीतलं प्यादं

दर शनिवारी सकाळी मी डोंबिवलीहून कल्याणची लोकल पकडते. मधे एक ठाकुर्ली, की उतरायचंच. पूर्वेकडच्या एका प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना बुद्धिबळ शिकवायला लागून मला सहा वर्षं झाली. गुंडाळून पिशवीत घालता येतील असे बारा पट आहेत. एका संचातला काळा उंट हरवलाय. त्याच्या जागी आम्ही खोडरबर उभं करतो आणि ते तिरकं चालतं, यात कुणालाही काही वावगं वाटत नाही.

डाव सुरू होण्याआधी एक जण पांढरं आणि काळं प्यादं दोन मुठींत लपवतो. दुसरा एका मुठीवर बोट ठेवतो. जो रंग निघेल त्या सोंगट्या आपल्या. पांढऱ्याची पहिली चाल. या खेळात नशिबाचा भाग म्हणून जो काही आहे तो एवढाच. पुढे फासा नाही, कवड्या नाहीत, पत्ते पिसणं नाही. अल्बेरुनीने हजारेक वर्षांपूर्वी भारतात पाहिलेल्या चौघांच्या डावात फासे टाकून चाल ठरायची. आपण खेळतो त्या डावात फाशाला जागा नाही. द्यूतात राज्य गमावलेल्या धर्मराजाची गोष्ट ज्या मुलांना पाठ असते, त्यांच्यासमोर बिनफाशाचा पट मांडताना मला नेहमी वाटतं, की आपण खेळापेक्षा मोठं काहीतरी मांडतो आहोत.

दोन वर्षांपूर्वी चौथीतला एक मुलगा हरला. खेळायला बसताना त्याने वजिराला नमस्कार केला होता. मात झाल्यावर सोंगट्या गोळा करता करता म्हणाला, "देवाच्या मनात नव्हतं, बाई."

मी त्याला थांबवलं. म्हटलं, आपण डाव उलटा खेळू या. चाली लिहून ठेवायची सवय नव्हती, पण त्याला सगळा डाव आठवत होता. एकेक सोंगटी मागे नेत गेलो. सात-आठ चाली मागे गेल्यावर त्याचं बोट घोड्यावर थांबलं. "हा हलवायला नको होता. मागचा हत्ती उघडा पडला." का हलवलास? "शह द्यायचा होता." या वयात शह देण्याचा मोह कुणालाच आवरत नाही. शहाने मात होत नाही, हे कळायला वर्ष जातं.

मग त्याने विचारलं, "बाई, मग देव कुठे होता?"

मी म्हटलं, "मुठीत होता, बाळा. मूठ उघडली आणि पुढचं त्याने तुझ्यावर सोपवलं."

या उत्तराचं मला बरेच दिवस समाधान होतं. आपल्या घरांत मुलाला मार्क कमी पडले की ग्रह बरे नसतात आणि चांगले पडले की देवाची कृपा असते. अपयश त्याचं नाही, तसं यशही त्याचं राहत नाही. रामदासांनी यत्नालाच देव मानायला सांगितलं, तरी हे चालूच आहे. पटावर मात्र नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा पुरावा मिळतो, की हे मी केलं. बुद्धिबळाचा खरा लाभ मी यालाच समजते. गणित सुधारतं, मार्क वाढतात, असं सांगून पालकांना मी बोलावत नाही. इंग्लंडमध्ये शंभर प्राथमिक शाळांतल्या चार हजारांवर मुलांचा नीट अभ्यास झाला, त्याचा अहवाल 2016 साली आला. बुद्धिबळाचे तास संपल्यावर वर्षाने घेतलेल्या गणिताच्या चाचणीत, शिकलेली मुलं इतरांपेक्षा पुढे दिसली नाहीत. आर्मेनियाने 2011 पासून प्राथमिक वर्गांत हा विषय सक्तीचा केला, त्याचं मला कौतुक आहे. पण मार्कांसाठी शिकवायचं तर एक तास पाढेच घ्यावेत.

माझं समाधान मोडलं ते पुढच्या पावसाळ्यात. वर्गातली सगळ्यांत तयारीची मुलगी वालधुनीच्या काठी राहते. जुलैत नदीचं पाणी खोलीत शिरलं. आई घरकामाला जाणारी, धाकट्या भावाला कोण सांभाळणार? तीन आठवडे ती आली नाही. तेवढ्यात आंतरशालेय स्पर्धेसाठी नावं गेली, त्यात तिचं नव्हतं. मला वाईट वाटलं, तेव्हा तोच मुलगा, आता सहावीत गेला असला तरी शनिवारी येतो, मला समजावू लागला. "तिने सराव केला नाही बाई. तिचीच चूक."

हे त्याला मीच शिकवलं होतं.

त्या रात्री गीतेचा अठरावा अध्याय काढला. कर्म घडायला भगवंत तिथे पाच कारणं सांगतात. अधिष्ठान, कर्ता, करणं, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. हे पाच असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही, असंही लगेच पुढे म्हणतात. पहिली चार मला पटावर बोट ठेवून दाखवता येतात: पट, खेळणारा, सोंगट्या, चाली. दैव म्हणजे इंद्रियांच्या देवता, असं भाष्यकार सांगतात. माझा तेवढा अधिकार नाही. मला मात्र त्या शब्दापाशी नदीचं पाणी दिसलं.

आणि मग ते जुनं उत्तर आठवलं, जे त्या मुलीच्या आईला शेजारपाजारचे नक्की देत असतील: मागच्या जन्मीचं भोगतोय. कर्मसिद्धांत मी मानते. माझ्या आईने मानला, तिच्या आईने मानला. पण पटाने मला त्यातला एक फरक शिकवला. त्या मुलाची चूक आम्ही सात-आठ चाली मागे जाऊन डोळ्यांनी पाहिली. जी चूक अशी मागे जाऊन दाखवता येत नाही, ती मी कुठल्याही लेकराच्या नावावर टाकणार नाही. शास्त्राच्या आधारानेही नाही.

पुढच्या शनिवारी त्या मुलाला समोर बसवलं. त्याच्या बाजूचा वजीर आणि एक हत्ती काढून ठेवला आणि खेळ म्हटलं. तो नेटाने खेळला आणि हरला. म्हणाला, "हे बरोबर नाही." मी विचारलं, हरलास ना? मग चूक कुणाची? तो पटाकडे बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "मांडणाऱ्याची."

पट मांडणारे आपण मोठे असतो. 1976 साली रोहिणी खाडिलकर ही 13 वर्षांची मुलगी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. पटावर तिच्या सोंगट्या इतरांइतक्याच, सोळा. पण ती मुलगी आहे म्हणून विरोध झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि अखेर जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं, की स्त्रियांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही. 1981 मध्ये हीच रोहिणी आशियाची महिला विजेती झाली. चाली तिच्या होत्या. दार मात्र दुसऱ्यांनी उघडावं लागलं. नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकली, तेव्हा आमच्या वर्गातल्या मुलींनी फळ्यावर तिचं नाव लिहिलं होतं. मला त्या दाराचीच आठवण झाली.

वालधुनीकाठची ती मुलगी पुन्हा येऊ लागली आहे. भावालाही आणते, तो मागच्या बाकावर प्याद्यांची आगगाडी करतो. पावसात ज्या मुलांचे शनिवार बुडतात त्यांच्याकडे पट घरी द्यायचा, असं आता ठरवलंय, पण बारा पट पुरत नाहीत. ठाणे, डोंबिवली, कल्याणमधल्या कितीतरी घरांच्या माळ्यावर मुलं मोठी झाल्यावर ठेवून दिलेला एखादा पट असेल. तो जवळच्या शाळेत नेऊन द्या आणि जमलं तर शनिवारी तासभर बसा. एखादा उंट हरवलेला असला तरी चालेल. खोडरबर आमच्याकडे आहे.